नाव न लिहिलेली चिठ्ठी

पाळकसाहेब, तुम्ही भर प्रार्थनासभेत एका बाईचं पोट वाचून दाखवलंत, आणि वाचून झाल्यावर चष्म्याची काच पुसत म्हणालात, "आपण डोकी लववू या." बुधवारची संध्याकाळ, साठ-सत्तर माणसं, आणि पुढच्या बाकावर त्या बाईची सासू. प्रार्थनेसाठी आलेल्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, असं आता तुम्ही सांगता. नव्हतंच. "बेकरीवाल्यांच्या घरातील एका गर्भवतीसाठी" एवढंच होतं. बेकरीवाल्यांच्या घरात गर्भवती किती, हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे. तुम्हाला ती चिठ्ठी मनात वाचता आली असती. खिशात घालता आली असती. तिच्या दाराशी जाऊन "बाई, कशी आहेस?" एवढं विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं लागतं. त्यापेक्षा ठराव सोपा. शुक्रवारी चर्चचं पंचमंडळ बसलं, आणि ज्यांच्यापैकी एकाचीही पाळी जन्मात कधी चुकली नाही अशा सात पुरुषांनी दीड तासात, दोन वेळच्या चहासकट, ठराव करून टाकला.

सातांतला एक या घरातलाच होता.

बेकर सहासष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून त्याच्या भुवया जळून गेलेल्या. तो रागावलाय की घाबरलाय, चेहऱ्यावरून कळत नसे. ठरावाला त्याने हात वर केला नव्हता. विरोधही केला नव्हता. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, शाळेतल्या पोरासारखा. सभा उठल्यावर सेक्रेटरींनी पाकीट त्याच्याच हातात दिलं. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त शिक्षणाधिकारी. त्यांना सगळं जग अजून तपासणीची शाळाच वाटतं. म्हणाले, तुम्ही घरीच निघालात तर देऊन टाका, टपालाचा खर्च कशाला. बेकराने घेतलं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि ते त्याला पंचमंडळात कधी जमलं नव्हतं.

शनिवारी दुपारी दोन वाजता, बेकरीच्या मागच्या खोलीत, त्याने ते पाकीट मोठ्या लाकडी टेबलाच्या टोकाला ठेवलं आणि म्हणाला, "पत्र आहे."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची सून पीठ मळत होती. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये पाव वाटून घ्यायचं प्रभुभोजन, आणि प्रभुभोजनाचा पाव तीन पिढ्या याच टेबलावर मळला जातो. मैदा, पाणी, तेल, चिमूटभर मीठ. खमीर नाही. बेकराच्या आजीने नियम घालून दिला होता की हा पाव घरातल्या एकाच बाईने मळायचा, आणि पिठाला हात लागल्यापासून पाव भट्टीत जाईपर्यंत तिने चकार शब्द काढायचा नाही. बोलली तर पीठ बाद. आजीच्या मते तेवढा वेळ ती बाई प्रार्थनेत असते. बेकराच्या मुलीच्या मते आजीला तेवढा वेळ तरी सुनेचं तोंड बंद हवं होतं.

तर त्या दुपारी घडलं ते असं, की तिच्या पोटाचा निकाल लावायला सगळं घर गोळा झालं आणि ती मधोमध उभी राहून मुकाट्याने पीठ मळत राहिली.

पत्र फोडलं ते बेकराच्या मुलीने. ती सरकारी दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आली होती, केस विंचरलेले नव्हते. तिने ते मोठ्याने वाचलं, बातम्या वाचतात तसं. सोमवारची शस्त्रक्रिया करून घेतल्यास सदर भगिनीला पश्चात्ताप सिद्ध होईपर्यंत प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येईल. पतीने संमती दिल्यास त्यालाही तेच लागू. दरम्यान प्रभुभोजनाचा पाव अन्य हातांनी मळला जावा. पाळक व सेक्रेटरी शनिवारी पाच वाजता भेटीस येतील. प्रभूच्या प्रेमात आपले.

"प्रेमात," नर्स म्हणाली, आणि पत्र पिठाच्या डब्यावर आपटलं.

सुनेचे हात थांबले नाहीत. 'अन्य हातांनी' या शब्दांवर तिने गोळा उलटा केला, तळव्याने दाबला, पुन्हा दुमडला.

पंधरा दिवसांपूर्वी तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरबाईंनी पडदा वळवून तिला दाखवलं होतं. एकोणिसावा आठवडा. हात आहेत, पाय आहेत, हृदय चालू आहे. डोक्याची कवटी नाही, आणि कवटीखाली असायला हवा तो मेंदूही नाही. पोटात आहे तोवर जगेल. बाहेर आलं की काही मिनिटं, फार तर काही तास. एवढ्यावर भागलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला पोट फाडावं लागलं होतं, त्या जुन्या टाक्यांवर आताची वार रुतून बसली होती. जितके आठवडे जातील तितकी ती खोल रुतणार, आणि बाळंतपणात रक्त थांबलं नाही तर आईही जाणार. सोमवारी सकाळी आठची वेळ डॉक्टरबाईंनी दिली होती, आणि दिली म्हणजे विचार करून या असं सांगितलं होतं. पहिल्या बाळंतपणाची, सात वर्षांची मुलगी त्या दुपारी शेजारी पाठवलेली होती.

"आई," नर्स म्हणाली, "चिठ्ठी तू टाकलीस."

बेकराची बायको खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती. गुडघ्यांवर दोन्ही हात, पाठ सरळ. म्हणाली, "नाव नाही लिहिलं मी."

"मग घरात आणखी कोण गरोदर आहे? बाबा?"

कुणी हसलं नाही. एरवी थोरला मुलगा हसला असता.

म्हातारीला आपली चूक कळत होती आणि पटत नव्हती. प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठी टाकायची, ही तिची जन्माची सवय. नवऱ्याची कावीळ, मुलीची परीक्षा, भट्टीचं परमिट, सगळ्याला तिने चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि सगळं पार पडलं होतं. तिचा हिशेब साधा: एकाला उचलत नाही ते पोतं सत्तर जण उचलतात. म्हणून तिने लिहिलं, बाळाच्या डोक्यात दोष आहे, डॉक्टर काढून टाका म्हणतात, देवाने चमत्कार करावा. शेवटचे तीन शब्द सोडून बाकीचं सगळं लोकांच्या लक्षात राहिलं. गुरुवारी दुकानात पाव घ्यायला आलेल्या बायका पावाकडे कमी आणि सुनेच्या पोटाकडे जास्त बघत होत्या.

"देवाने दिलेलं आहे," ती म्हणाली. "त्यानेच न्यावं. आपण का हात लावायचा?"

नर्स म्हणाली की देव नेईल तेव्हा बाळाबरोबर वहिनीलाही नेईल, आणि तेव्हा हेच पंच हार घेऊन येतील. ती प्रसूती विभागात सहा वर्षं होती; थांबत नाही असं रक्त तिने पाहिलं होतं, बादलीने पुसलं होतं. हे ती शांतपणे सांगत होती तोवर बरं होतं. मग तिचा आवाज चढला. "आणि जे जगणारच नाही त्याला मूल मूल काय करता? गोळा आहे तो. मेंदूच नाही तर..."

सुनेचे हात थांबले. क्षणभरच. मग पुन्हा चालू झाले.

थोरला, म्हणजे तिचा नवरा, भट्टीच्या दाराला टेकून उभा होता. धिप्पाड माणूस, पन्नास किलोचं पोतं एका खांद्यावर नेणारा, आणि पंधरा दिवस बायकोच्या नजरेला नजर देत नव्हता. आईकडे बघितलं की आईचं पटायचं. बहिणीकडे बघितलं की बहिणीचं. देवाकडे त्याने खूण मागितली होती. मंगळवारी भट्टीतले दोन ट्रे करपले, आणि ती खूण हो म्हणायची की नाही म्हणायची, यावर त्याने अख्खी सकाळ घालवली होती. आता सगळे आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर त्याने पंधरा दिवस तयार ठेवलेलं वाक्य काढलं.

"ती म्हणेल तसं. मी तिच्या पाठीशी आहे."

सुनेने पिठातून हात काढले. बोटांना चिकटलेलं एका हाताने दुसऱ्यावरून ओढून काढलं, गोळ्यावर ठेवलं, आणि बोलली.

"मी म्हणेन तसं म्हणजे पाप लागलं तर माझं एकटीचं. आणि पुण्य लागलं तर दोघांचं, असंच ना?"

सासूच्या तोंडून निघालं ते एवढंच, "पीठ बाद झालं."

"होऊ दे, आई. त्यांना तसंही माझ्या हातचं नकोय." तिचा आवाज मोठा नव्हता. ती त्या गोळ्याकडे बघूनच बोलत होती. "तपासणी झाल्यापासून मला कुणी विचारलं नाही. सांगितलं सगळ्यांनी. तुम्ही सांगितलं चमत्कार होईल. मीही तेच मागितलं, तुमच्याइतकंच, रोज. काल परत तपासलं. तसंच आहे." मग ती नणंदेकडे वळली. "आणि तू. माझ्या बाजूने भांडतेस ते कळतं मला. पण गोळा म्हणू नकोस. भट्टीची ऊब लागली की हे हलतं. आत्ताही हलतंय. माझं मूल आहे ते. मी माझं मूल न्यायला जाणार आहे सोमवारी, गाठ काढायला नाही. एवढं तरी माझं मला म्हणू दे."

नर्सने मान खाली घातली.

"मला मरायची भीती वाटते," सून म्हणाली. "हे बोलायची लाज वाटते. आईने लेकरासाठी मरावं असंच शिकलोय आपण. पण मी मेले तरी हे जगत नाही. आणि जी जगतेय ती शेजारी चित्रं रंगवत बसलीय. उद्या तिची वेणी कोण घालणार, पंचमंडळ?"

थोरला भट्टीपासून निघाला, टेबलापर्यंत आला आणि थांबला. पाठीशी उभं राहायचं सोडून कुठे उभं राहतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने बायकोचे पिठाने माखलेले हात आपल्या हातात घेतले. म्हणाला, "माझंही मूल आहे. पापाला म्हणावं, लाग मलाही." वाक्य नीट झालं नाही, पण तिला कळलं. तिने हात सोडवून घेतले नाहीत.

मग तिने खरी गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. बुधवारच्या सभेनंतर गुरुवारी तिने स्वतः पाळकांना फोन केला होता. परवानगी मागायला नाही. सोमवारी सकाळी दवाखान्यात येऊन, तिला आत नेण्याआधी, प्रार्थना कराल का, एवढं विचारायला. पाळक म्हणाले होते, मंडळात बोलतो. हे पत्र म्हणजे त्याचं उत्तर होतं.

बेकराचा हात काल पाकीट होतं त्या कोटाच्या रिकाम्या खिशात गेला आणि पुन्हा बाहेर आला.

तीन वाजता मागच्या दाराने त्याची बहीण आली. हिला सुनेने बोलावलं होतं. घरची आत्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी, शाळेचे गणवेश शिवणारी, बोटाला कायम शिवणाचं टोपण. वर्षातून दोनदा येते, दाराजवळच्या खुर्चीवर बसते, चहा घेते, जाते. एकतीस वर्षांपूर्वी तिला मूत्रपिंडाचा आजार असताना दिवस गेले होते. नवरा दूरच्या बंदरावर कामाला. घरी दोन पोरं, एक तीन वर्षांचं, एक दीड. डॉक्टर म्हणाले, हे ठेवलं तर तू जाशील. तिने ठेवलं नाही. पंचमंडळाने तेव्हाही ठराव केला होता. पंच तेव्हाचे वेगळे, मेलेही बरेचसे. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

तिने टेबलावरचं पत्र घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, वाचलं. शेवटी म्हणाली, "मजकूर तोच आहे. पावाचं तेवढं नवीन."

नर्सला वाटलं, आता आपल्याला भक्कम माणूस मिळालं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, सांग आत्या, तू केलंस ते बरोबर केलंस की नाही. सगळ्यांना वाटत होतं की आत्या हो म्हणेल. म्हातारीने तर चेहरा आधीच वळवून घेतला होता.

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. एकतीस वर्षं देवाला विचारतेय. तो अजून बोललेला नाही. रागावलाय असंही वाटत नाही. माणसं मात्र लगेच बोलली." तिने टोपण काढून टेबलावर ठेवलं. "आठवतं मला. रोज नाही, पण आठवतं. ते असतं तर एव्हाना टक्कल पडायला लागलं असतं, आमच्या घरातले पुरुष लवकर टकले होतात. आणि आठवलं की माझ्या दोन पोरांची तोंडंही आठवतात, त्यांना आई मिळाली म्हणून. दोन्ही एकदम आठवतं. एकाने दुसरं पुसत नाही. तू जाशील सोमवारी, तर हे धरून जा. नंतर हलकं वाटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. नाही गेलीस तरी हलकं नाही."

सुनेने मान हलवली. पंधरा दिवसांत तिच्याशी खोटं न बोललेलं हे पहिलंच माणूस.

"मला त्याचा त्रास नाही," आत्या पुढे म्हणाली, आता सुनेकडे नव्हे, भावाकडे बघत. "त्रास पत्राचा आहे. भाऊ, ते तू आणलं होतंस."

बेकराने मान वर केली. या गोष्टीबद्दल या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. त्याला वाटत होतं तिला ठाऊकच नाही. पत्र दाराखालून सरकवलेलं होतं.

"सायकलचा आवाज मी ओळखला. मागच्या चाकाचं मडगार्ड वाजायचं तुझ्या. मी दाराशीच उभी होते आतून. टाके ओले होते, बसवत नव्हतं. म्हटलं भाऊ आलाय, आता कडी वाजवेल. कागद आत आला. मडगार्ड वाजत गेलं."

म्हाताऱ्याला तो दिवस पुसट आठवत होता आणि दार लख्ख. हिरवं दार, खालच्या बाजूने रंग उडालेला. कडी वाजवायला हात वर केला होता हेही आठवत होतं. वाजवली असती तर ती रडली असती, आणि रडणाऱ्या बहिणीला काय सांगायचं हे पंचमंडळाने सांगितलेलं नव्हतं. तेव्हा तो पस्तिसाचा होता. काल सहासष्टाचा असताना त्याने दुसरं पाकीट घेतलं, तितक्याच निमूटपणे.

"पश्चात्ताप सिद्ध होईपर्यंत, असं लिहिलं होतं," आत्या म्हणाली. "कसा सिद्ध करायचा ते नव्हतं लिहिलं. कुणाला दाखवायचा, किती दिवस, काही नाही. मी दर रविवारी जाते. शेवटच्या बाकावर बसते. पावाचं तबक येतं, शेजारची घेते, माझ्यावरून पुढे देते. एकतीस वर्षांत कुणी म्हटलं नाही, घे. मुदत संपली असेल तरी मला काय कळणार?"

म्हातारी स्टुलावरून उठली. तिला बसवेना. नणंदेच्या त्या दुखण्यात एकदा बाजारात ती समोरून येताना दिसली होती, एक पोर कडेवर, एक हाताला, चेहरा पांढरा पडलेला. आणि हिने कापडाच्या दुकानात वळून उगीचच पडद्याच्या कापडाचा भाव विचारला होता. कापड घ्यायचं नव्हतं. ती पुढे जाईपर्यंत हिने तीन ताग्यांचा भाव विचारला. हे तिने कधी कबूल केलं नव्हतं. प्रार्थनेच्या पेटीत टाकलेल्या शेकडो चिठ्ठ्यांत ही एक नव्हती.

"मी तुला बघून दुकानात शिरले होते," ती म्हणाली.

"माहीत आहे, वहिनी. पडद्याचं कापड."

म्हातारी आता सुनेसमोर आली. उंचीने ती सुनेच्या खांद्याला. "मला अजूनही हे बरोबर वाटत नाही," ती म्हणाली. "खोटं बोलणार नाही. मला वाटतं थांबावं. मरेपर्यंत वाटेल. पण सोमवारी मी येणार. बाहेर बाकावर बसणार. तू बाहेर आलीस की पहिली मी दिसले पाहिजे, या पोरीचं वटवट करणारं तोंड नाही."

"माझी ड्यूटी आहे सोमवारी," नर्स म्हणाली.

"बरं झालं," म्हातारी म्हणाली.

सून रडली ती तेव्हा. उभ्याउभ्या, हात पिठाचे म्हणून डोळे न पुसता.

पाचला पाळक आणि सेक्रेटरी आले. बेकराने त्यांना दुकानाच्या बाजूने न घेता मागच्या खोलीत आणलं, जिथे बसायला दोनच खुर्च्या होत्या आणि त्या दोन्हींवर बायका बसल्या होत्या. पाळक तरुण, या मंडळीत येऊन अजून वर्ष झालेलं नव्हतं. त्याचं घरभाडं पंचमंडळ भरतं. आत येताच त्याला टेबलावर अर्धवट मळून सुकायला लागलेलं पीठ दिसलं आणि त्याने नजर वळवली. सेक्रेटरी उभे राहिले, पण त्यांनी फाईल काढली.

ते वाईट माणूस नव्हेत. हे लिहायला हवं, नाहीतर त्यांच्याशी भांडणं फार सोपं होईल. ते जे बोलले ते त्यांना पटलेलं होतं. म्हणाले, जीव देवाचा आहे, दुबळा असला तरी, चार घटकांचा असला तरी. ज्याला स्वतःचं तोंड नाही त्याच्या बाजूने मंडळीने उभं राहायचं नाही तर कुणी? म्हणाले, आज सवलत दिली तर उद्या दुसरी येईल, परवा तिसरी. मग त्यांनी बेकराच्या बायकोकडे वळून सौम्यपणे म्हटलं, "बाई, तुम्हीच तर चिठ्ठी टाकलीत."

"प्रार्थना मागितली होती," म्हातारी म्हणाली. "ठराव नव्हता मागितला."

सेक्रेटरींनी फाईलचं पान उलटलं. तेव्हा बेकर बोलला, आणि आपला आवाज या विषयावर कसा लागतो हे त्याला स्वतःलाच माहीत नसल्यामुळे तो जरा जास्तच मोठा लागला. इतिवृत्तात माझ्या नावापुढे काय लिहिलंय, त्याने विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, हरकत नाही असं. बेकर म्हणाला, खोडा आणि विरोध लिहा. सेक्रेटरी म्हणाले, सभा संपल्यावर इतिवृत्तात बदल होत नाही, तुम्हाला नियम माहीत आहे.

"मग शेवटी लिहा," बेकर म्हणाला, "की बेकराला कडी वाजवायला एकतीस वर्षं लागली. आणि ही माझी बहीण, हिची मुदत संपली की नाही, तेही मला लेखी हवंय."

सेक्रेटरींना यातलं निम्मं कळलं नाही. आत्याला सगळं कळलं. तिने भावाकडे पाहिलं नाही; टोपण उचलून बोटात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. एका वाक्याने एकतीस वर्षं फिटत नाहीत, आणि ती फिटल्यासारखं दाखवणारीही नव्हती.

थोरला बायकोच्या शेजारी उभा होता. सेक्रेटरींनी त्याला नियमाप्रमाणे विचारलं, तुमची संमती आहे का. तो म्हणाला, "आहे. माझं नाव तिच्या नावाच्या खाली नको, शेजारी लिहा." सेक्रेटरींनी लिहिलं.

सून इतका वेळ गप्प होती. आता ती गप्प होती ती नियमाने नव्हे. तिने हात धुतले, कपड्याला पुसले, आणि सेक्रेटरींना ओलांडून पाळकासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल.

"जीव देवाचा आहे हे मला मान्य आहे," ती म्हणाली. "म्हणूनच मी तुम्हाला फोन केला. नसतं मान्य तर गुपचूप जाऊन आले असते, आणि तुम्ही उद्या मला पहिल्या बाकावर बसवून पाव दिला असता. अशा किती जणींना देता, तुम्हालाही माहीत नाही."

पाळक म्हणाला, "ताई, मंडळीचे नियम..."

"नियम मला वाचता येतात. तबक पुढे द्यायला मी आत्यांकडून शिकेन. ते मी मागतच नाही तुमच्याकडे." तिने एक हात पोटावर ठेवला, ठेवला हे तिलाही कळलं नसावं. "सोमवारी आठ वाजता मला आत नेतील. हे तेव्हा जिवंत असेल. नंतर नसेल. याला ना बाप्तिस्मा, ना नाव, ना कबर. याच्या जन्मात याच्यासाठी कुणी प्रार्थना केली असेल तर ती एवढीच असणार, दोन मिनिटांची, दवाखान्याच्या बोळात. माझ्यासाठी नको वाटली तर माझं नाव वगळा. माफी मागा, न्याय मागा, तुम्हाला काय मागायचं ते मागा. पण तिथे उभे राहून मागा. ज्याला तोंड नाही त्याच्या बाजूने उभं राहायचं, असं आत्ता सर म्हणाले ना? मग येणार आहात का?"

पाळकाने सेक्रेटरींकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नका बघू," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारलंय. हो की नाही?"